वर्ध्याची शिक्षण परिषद (१९३७) आणि नव्या मंत्रिमंडळांपुढील अग्रक्रमाचा प्रश्न

१९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात, २२ व २३ या तारखांस, वर्धा येथे भरलेल्या अखिल भारतीय राष्ट्रीय शिक्षण परिषदेचा उल्लेख शिक्षणशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळतो. मूलोद्योगी अथवा बुनियादी शिक्षणाची योजना तेथे जन्मास आली, एवढे सांगून ही पुस्तके पुढे जातात आणि मग टकळी, चरखा, समवाय पद्धती यांचे विवेचन सुरू होते. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु ही परिषद शिक्षणशास्त्राच्या एखाद्या तात्त्विक वादातून उद्भवली नव्हती. ती उद्भवली प्रांतिक सरकारांच्या तिजोरीतील अडचणीतून. प्रथमच निवडून आलेल्या लोकपक्षीय मंत्रिमंडळांनी आधी काय करावे आणि मागाहून काय, या प्रश्नाचा काही लोकांनी एकत्र बसून जो खल केला, त्याचा तो एक प्रसंग होता. त्या दृष्टीने या दोन दिवसांकडे इतिहासाच्या अभ्यासकांनी जितके पाहावयास हवे होते तितके पाहिलेले नाही.

१९३५ च्या कायद्यान्वये प्रांतिक स्वायत्तता १ एप्रिल १९३७ पासून अमलात आली. तत्पूर्वीच्या हिवाळ्यातील निवडणुकांत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या ११२ जागांच्या विधिमंडळात काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळाले होते. परंतु गव्हर्नरांच्या विशेषाधिकारांविषयी आश्वासन मिळेपर्यंत अधिकारग्रहण करावयाचे नाही, अशी काँग्रेसची भूमिका असल्यामुळे प्रारंभीचे काही महिने बॅ. ई. राघवेंद्र राव यांचे हंगामी मंत्रिमंडळ नागपुरास होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्ध्यासच झाली, अधिकारग्रहणास अनुज्ञा मिळाली आणि १४ जुलै रोजी डॉ. ना. भा. खरे यांच्या मंत्रिमंडळाने सूत्रे हाती घेतली. पं. रविशंकर शुक्ल यांच्याकडे शिक्षणखाते आले. मुंबई, मद्रास, संयुक्त प्रांत, बिहार व ओरिसा येथेही त्याच महिन्यात काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. याप्रमाणे ज्या गावी अधिकार घेण्याचा निर्णय झाला, त्याच गावी साडेतीन महिन्यांनी त्या अधिकाराचे करावयाचे काय, याची चर्चा झाली.

ती चर्चा समजण्यास त्या काळच्या प्रांतिक जमाखर्चाची घडण ध्यानात घेतली पाहिजे. जकात केंद्राकडे होती. प्राप्तीवरील कराचा प्रांतांस मिळावयाचा वाटाही केंद्राच्या सोयीने मिळावयाचा होता. प्रांतांच्या हाती मुख्यतः जमीनमहसूल, अबकारी, मुद्रांक आणि जंगल ही उत्पन्ने राहिली. यांपैकी जमीनमहसूल हा दीर्घ मुदतीच्या बंदोबस्ताने ठरलेला, म्हणजे गरजेनुसार न वाढणारा. जे उत्पन्न लोकांच्या खर्चाबरोबर वाढू शके ते अबकारीचे.

नागपूरच्या नैर्ऋत्येस असलेल्या हिंगण्यासारखे एखादे गाव डोळ्यांपुढे आणले म्हणजे या आकड्यांमागील वस्तुस्थिती स्पष्ट होते. आज हिंगणा हे तालुक्याचे ठिकाण आहे आणि त्याचे नाव औद्योगिक वसाहतीमुळे सर्वतोमुखी झाले आहे. त्या काळी हा सगळा शेतीचा मुलूख होता आणि नागपूर जिल्ह्यात मालगुजारीची पद्धत चालू होती. ती १९५१ साली संपली. कुळाने मालगुजारास खंड द्यावयाचा आणि मालगुजाराने त्यातून सरकारचा महसूल भरावयाचा. हा एक मार्ग. दुसरा मार्ग दारूच्या दुकानावरून जात असे. मोहाच्या दारूवरील शुल्क आणि दुकानाच्या परवान्याची रक्कम पिणाऱ्याच्या खिशातूनच वसूल व्हावयाची. अशा खेड्यातील पैसा नागपूरच्या तिजोरीत पोहोचण्याचे हे दोन ठळक रस्ते होते आणि शाळामास्तराचा पगार त्याच तिजोरीतून, जिल्हा कौन्सिलच्या हातून, परत खेड्यात यावयाचा होता. पुष्कळ गावांत तो येतच नव्हता, कारण तेथे शाळाच नव्हती. १९३१ च्या शिरगणतीत सबंध देशातील साक्षरतेचे प्रमाण हजारी शंभरांहून कमी भरले होते आणि मध्यप्रांत त्याही मागे होता.

आता काँग्रेसने मतदारांना दिलेली अभिवचने पाहावीत. डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. तेथे शेतकऱ्यांसाठी जो कार्यक्रम मान्य झाला त्यात खंड व सारा कमी करण्याची मागणी अग्रभागी होती. दारूबंदी हा तर १९२१ पासूनच्या चळवळीचा प्राण. दारूच्या दुकानांवर निरोधन करताना हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले होते. तिसरे अभिवचन सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचे. या तीन अभिवचनांपैकी पहिल्या दोहोंनी तिजोरीतील दोन्ही मोठे झरे आटावयाचे होते आणि तिसरे त्याच तिजोरीवर आजवरचा सर्वांत मोठा बोजा टाकणारे होते. निवडणुकीच्या सभांत ही तिन्ही वचने एकाच दमात उच्चारली गेली, त्यात काही नवल नाही. सभेला अंदाजपत्रक मांडावे लागत नाही. जुलैमध्ये मात्र ते मांडण्याची पाळी आली.

ही विसंगती सर्वांत प्रथम व सर्वांत स्पष्टपणे मांडली ती स्वतः गांधीजींनी, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. १९३४ पासून ते काँग्रेसचे सभासदही नव्हते. वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात (जे १९४० पासून सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले) त्यांचा मुक्काम होता. १७ जुलै १९३७ च्या ‘हरिजन’मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांविषयी लिहिताना त्यांनी मंत्र्यांपुढे साधेपणाचा व दारूबंदीचा आग्रह धरला. ३१ जुलैच्या अंकात त्यांनी अडचणीलाच हात घातला. मुलांना शिक्षण द्यावयाचे तर त्यासाठी दारूच्या उत्पन्नाखेरीज दुसरा आधार नाही, हे नव्या राज्यघटनेतील सर्वांत क्रूर दैवदुर्विलसित आहे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. यावर दारूबंदी लांबवावी हा एक उपाय, शिक्षण लांबवावे हा दुसरा. दोन्ही त्यांनी नाकारले. शाळेनेच आपला खर्च भागवावा, म्हणजे मुलाने शिकता शिकता हातांनी काहीतरी उत्पन्न करावे आणि त्यातून शिक्षकाचा पगार निघावा, हा त्यांनी सुचविलेला तिसरा मार्ग. त्याच लेखात उच्च शिक्षणाचा भारही सरकारने सोडून द्यावा, ज्या उद्योगांना अभियंते हवेत त्यांनी अभियंते शिकवावेत, टाटांसारख्यांनी स्वतःचे महाविद्यालय चालवावे, असे प्रतिपादन होते. नागपूर विद्यापीठाच्या स्थापनेला त्या वेळी चौदाच वर्षे झाली होती. हे वाचून विद्यापीठीय मंडळी अस्वस्थ झाली असतील तर त्यांना दोष देता येत नाही.

शिक्षणाला पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न महाराष्ट्राच्या विचारविश्वाला नवा नव्हता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी त्याचे उत्तर सरळ दिले होते: महसुलाचा मोठा भाग शेतकरी भरतो, खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, तेव्हा हा ओघ वळवून बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. गोखल्यांचे १९११ चे विधेयक त्याहून कितीतरी सौम्य होते. सक्ती करावयाची की नाही हे स्थानिक संस्थांवर सोपविलेले होते, खर्चाची वाटणी सरकार व स्थानिक संस्था यांत व्हावयाची होती. तरीही १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. फुले आणि गोखले यांच्यात मतभेद कितीही असोत, शिक्षणाचा खर्च समाजाने करावयाचा, मुलाने नव्हे, हे दोघांचेही गृहीत होते. १९३७ साली या गृहीतालाच प्रथम धक्का लागला.

वर्ध्याच्या मारवाडी शिक्षण मंडळाच्या विद्यालयात परिषद भरली. मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त होते आणि गांधीजी अध्यक्ष होते. निमंत्रितांत राष्ट्रीय शाळांतील कार्यकर्ते व शिक्षणतज्ज्ञ होते. काँग्रेस प्रांतांचे शिक्षणमंत्री होते, त्यांत मुंबईचे मुख्यमंत्री व शिक्षणमंत्री बाळासाहेब खेर आणि मध्यप्रांताचे शुक्ल हे आले होते. जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा, विनोबा भावे, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा हे चर्चेतील प्रमुख. म्हणजे विचार करणारे, पैसा पुरविणारे आणि प्रत्यक्ष शाळा चालविलेले असे तिन्ही प्रकारचे लोक एका छताखाली बसले होते. अशी गाठ वारंवार पडत नाही, आणि चर्चेतील उत्कृष्ट भाग या गाठीमुळेच घडून आला.

गांधीजींनी प्रश्न ज्या रीतीने मांडला त्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण द्यावे, ही एक; तिला शैक्षणिक आधार भरपूर होता. त्या हस्तव्यवसायातून शिक्षकाचे वेतन निघावे, ही दुसरी. तिला आधार होता तो केवळ आर्थिक निकडीचा. गांधीजींच्या मते मात्र या दोन गोष्टी नव्हत्याच. परिषदेपूर्वी तीन आठवडे, २ ऑक्टोबरच्या ‘हरिजन’मध्ये, त्यांनी स्वावलंबन ही या शिक्षणाच्या खरेपणाची कसोटी होय असे लिहिले होते. जे काम विकले जाण्याच्या लायकीचे होत नाही ते नीट शिकविलेच गेले नाही, अशी त्यामागील भूमिका होती. ही भूमिका भावनेच्या भरात उच्चारलेली नव्हती. पाटी-पुस्तकी शाळेत वर्षानुवर्षे घालवूनही ज्याच्या पदरी काही पडले नाही अशा मुलाचे चित्र तिच्यामागे होते, आणि ते चित्र खरे होते.

या दोन गोष्टी सोडवून दाखविण्याचे काम झाकिर हुसेन यांनी केले. हस्तव्यवसायाच्या तत्त्वाला त्यांचा विरोध नव्हता. कामाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना सर्वस्वी नवी नाही, ती अन्यत्रही आजमावली गेली आहे, हे त्यांनी सांगितले. पण स्वावलंबनावर फाजील भर दिला तर काय होईल, याचा त्यांनी दिलेला इशारा परिषदेच्या वृत्तान्तातील सर्वांत धारदार भाग आहे. शिक्षकाचा पगार मुलांच्या कामावर अवलंबून ठेवला की शिक्षक मुलांना राबवून घेणारा मुकादम होईल. गरिबांच्या पोरांचे श्रम लुबाडले जातील. मग पुस्तकापेक्षा टकळी अधिक वाईट ठरेल आणि देशात एका प्रच्छन्न गुलामगिरीचा पाया घातला जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या मनुष्याने स्वतः अल्प वेतनावर जामियाची जबाबदारी वाहिली, तो हे बोलत होता. त्यामुळे त्याला शहरी बुद्धिमंताचा आक्षेप म्हणून बाजूस सारणे शक्य नव्हते.

शहांचा आक्षेप बाजारपेठेच्या बाजूने होता. लक्षावधी मुले रोज काही तास माल तयार करू लागली तर तो विकत घेणार कोण? विकला गेलाच तर तो खेड्यातील विणकर, सुतार, कातणारी म्हातारी यांच्या मालाशीच स्पर्धा करणार. मुलाला कच्चा माल, हत्यार आणि जागा शाळेकडून मिळणार, कारागिराला ती स्वतःच्या पदरची घालावी लागणार. अशा स्पर्धेत कारागीर टिकणार कसा? गांधीजींनी यावर सरकारने शाळांचा माल ठरलेल्या भावाने घ्यावा असे उत्तर दिले आणि स्पर्धेची भीती निराधार मानली.

या उत्तराचे मोल तपासण्यास चरखा संघाचा अनुभव उपयोगी पडतो, आणि तो वर्ध्याच्या मंडळींना पूर्ण ठाऊक होता. कातणाऱ्या स्त्रियांची मजुरी पोट भरण्याइतकीही नाही हे पाहून १९३५ साली चरखा संघाने ती वाढविण्याचे ठरविले होते. विनोबांनी वर्ध्याजवळच्या नालवाडीस, केवळ सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर स्वतः निर्वाह करण्याचा प्रयोग केला होता. या सर्व प्रयत्नांतून जे निष्पन्न झाले ते एवढेच, की प्रौढ व कुशल कातणाऱ्याला रास्त मजुरी द्यावयाची तर खादी घेणाऱ्याने बाजारभावापेक्षा जास्त किंमत मोजली पाहिजे. ही जास्तीची किंमत देशभक्तीपोटी मोजणारे गिऱ्हाईक होते म्हणून खादी चालली. मग सात ते चौदा वर्षांच्या मुलाचे सूत सरकारने ठरलेल्या भावाने घ्यावयाचे याचा अर्थ, बाजारभाव व ठरलेला भाव यांतील अंतर सरकारने तिजोरीतून भरावयाचे. शिक्षकाचा पगार एका खात्यातून न देता दुसऱ्या खात्यातून द्यावयाचा, इतकाच त्यातील फरक. तिजोरीवरील बोजा हलका व्हावा म्हणून काढलेली युक्ती फिरून तिजोरीच्याच दाराशी येते, हे परिषदेत कोणी इतक्या स्पष्ट शब्दांत मांडल्याचे दिसत नाही. शहांच्या आक्षेपाचा रोख मात्र तेथेच होता.

दुसऱ्या दिवशी ठराव झाले. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण देशभर द्यावे, शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे, शिक्षणाची सर्व प्रक्रिया एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेली असावी, हे तीन ठराव निःसंदिग्ध आहेत. चौथ्याची शब्दयोजना मात्र लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. या पद्धतीतून शिक्षकांचे वेतन क्रमशः भागू शकेल अशी परिषदेची अपेक्षा आहे, असा त्याचा भावार्थ. तीन आठवड्यांपूर्वी जी कसोटी होती ती आता अपेक्षा झाली, आणि अपेक्षेलाही ‘क्रमशः’ हे विशेषण लागले. किती वर्षांत, किती अंशाने, आणि तोपर्यंत मधला खर्च कोणी सोसावयाचा, याविषयी ठराव मूक आहे. समिती-सभांचा ज्यांना परिचय आहे त्यांना अशा शब्दाची उत्पत्ती कशी होते हे सांगावयास नको. ज्या एका प्रश्नासाठी सभा भरविलेली असते, त्याच प्रश्नावर एकमत होत नाही असे दिसले म्हणजे असा एखादा सोयीचा शब्द उपयोगी पडतो.

झाकिर हुसेन यांच्याच अध्यक्षतेखाली अभ्यासक्रम तयार करण्यासाठी समिती नेमण्यात आली. आर्यनायकम् हे निमंत्रक. सय्यदैन, विनोबा, कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, शहा आणि आशादेवी हे अन्य सभासद. म्हणजे आक्षेप घेणारे दोघेही समितीत होते, आणि त्यांपैकी एक अध्यक्ष. गांधीजींच्या कार्यपद्धतीचा हा विशेष मान्य केला पाहिजे. समितीने २ डिसेंबर रोजी, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, प्रतिवृत्त सादर केले.

या प्रतिवृत्तातील वेळापत्रक एखाद्या दीर्घ प्रबंधाइतके बोलके आहे. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यांपैकी मूलोद्योगास ३ तास २० मिनिटे. मातृभाषेस ४० मिनिटे. संगीत, चित्रकला व गणित यांस मिळून ४० मिनिटे. सामाजिक विषय व सामान्य विज्ञान यांस ३० मिनिटे. शारीरिक शिक्षणास १० आणि मधल्या सुट्टीस १०. वर्षातून कामाचे दिवस २८८. शिक्षकाचे वेतन शक्य तर दरमहा २५ रुपये आणि कोणत्याही परिस्थितीत २० हून कमी नाही. काँग्रेसच्या मंत्र्यांनी स्वतःचे वेतन कराची ठरावानुसार ५०० रुपयांच्या मर्यादेत ठेवले होते; त्या त्यागाची वाखाणणी त्या काळी पुष्कळ झाली आणि ती योग्य होती, परंतु मंत्री व खेड्यातील मास्तर यांच्यात तरीही निदान वीस पटींचे अंतर राहत होते, ही गोष्टही ध्यानात असावी. १० मिनिटांच्या सुट्टीविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

तथापि याच प्रतिवृत्तात समितीने असेही नमूद केले की, ही योजना स्वावलंबी होवो वा न होवो, शिक्षणाचे सुबुद्ध धोरण व राष्ट्रीय पुनर्घटनेचा तातडीचा उपाय म्हणून ती स्वीकारण्यास योग्यच आहे. ऑक्टोबरच्या आरंभीची कसोटी, तिसऱ्या आठवड्यातील अपेक्षा आणि डिसेंबरमधील ही उदासीनता, अशा तीन पायऱ्या अवघ्या दोन महिन्यांत उतरल्या गेल्या. शिक्षणशास्त्राने या उतरण्याचे स्वागतच करावे. परंतु मंत्र्यांच्या दृष्टीने परिणाम असा झाला, की ज्या आर्थिक पेचातून सुटण्यासाठी ते वर्ध्यास गेले होते तो पेच जसाच्या तसा बरोबर घेऊन ते परतले. भर पडली ती एका नव्या शिक्षणपद्धतीची, आणि तिला हत्यारे, कच्चा माल व नव्याने तयार केलेला शिक्षक लागत असल्यामुळे प्रारंभीचा खर्च जुन्या शाळेपेक्षा अधिकच होता.

यानंतर प्रत्येक प्रांताने आपापल्या परीने अग्रक्रम ठरविला. मद्रासेत राजाजींनी १ ऑक्टोबर १९३७ पासूनच सालेम जिल्ह्यात दारूबंदी सुरू केली होती. महसुलाची तूट भरून काढण्यासाठी १९३९ साली त्यांनी सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा केला. मुंबईत १ ऑगस्ट १९३९ पासून शहरात दारूबंदी आली आणि तिच्यापायी शहरी स्थावर मिळकतींवर दहा टक्के कर बसला. मुंबईच्या विधिमंडळात त्या वर्षीच्या अंदाजपत्रकावर बोलताना डॉ. आंबेडकर यांनी दारूबंदीला दिलेल्या अग्रस्थानालाच हरकत घेतली. शिक्षण, आरोग्य यांसारख्या निकडीच्या गरजा अपुऱ्या पैशामुळे अडून असताना हातचे उत्पन्न सोडून नवा कर दारूबंदीवर खर्ची घालावयाचा, हा क्रम त्यांना मान्य नव्हता. हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी वर्ध्यास विचारला जावयास हवा होता. तेथे तो विचारला गेला नाही, कारण दारूबंदी आधी की शिक्षण आधी, हा पर्याय चर्चेत येण्यापूर्वीच गांधीजींनी मिटविलेला होता. राहिला होता तो केवळ शाळेने स्वतःचा खर्च कसा काढावा हा प्रश्न. ज्या अस्पृश्य वर्गाला शाळेच्या ओट्यावर बसण्याचा हक्कही नुकताच व अपुरा मिळाला होता, त्या वर्गाच्या नेत्याला शाळा लांबणीवर टाकणारा कोणताही अग्रक्रम मानवणे शक्य नव्हते. हे केवळ त्या वर्गापुरते खरे नाही. १९३५ च्या कायद्याने ज्यांना मत मिळाले ते सबंध देशात सुमारे तीन कोटी. ठराविक सारा वा खंड भरणारे, काही शिकलेले, अशांपुरताच तो अधिकार होता. ज्याच्या मुलाने टकळीवर ३ तास २० मिनिटे बसावयाचे होते तो भूमिहीन मजूर मतदारही नव्हता आणि परिषदेचा निमंत्रितही नव्हता.

मध्यप्रांतात शुक्लांनी स्वीकारलेला मार्ग स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. त्यांची विद्यामंदिर योजना वर्धा योजनेची शाखा म्हणून ओळखली जाते आणि अभ्यासक्रमाच्या बाबतीत ते खरेही आहे. शिक्षक तयार करण्याचे विद्यालय १९३८ च्या एप्रिलमध्ये वर्ध्यासच निघाले. परंतु आर्थिक बाजूने तिचा पाया निराळा होता. गावकऱ्यांनी शाळेस जमीन दान द्यावी आणि त्या जमिनीच्या उत्पन्नातून शिक्षकाचा निर्वाह चालावा, अशी तिची मांडणी होती. मुलाच्या श्रमांऐवजी गावाच्या जमिनीकडे बोट दाखविणारी ही कल्पना तत्त्वतः झाकिर हुसेन यांच्या आक्षेपाला उत्तर देते. मालगुजारीच्या मुलखात दानास जमीन कोणाजवळ होती, हे मात्र उघड आहे. ज्या गावी उदार मालगुजार त्या गावी शाळा, असा तिचा व्यवहारी अर्थ होण्याचा धोका होता. योजनेला प्रत्यक्षात सर्वाधिक विरोध झाला तो भलत्याच कारणासाठी. ‘मंदिर’ या शब्दाला मुस्लिम लीगने आक्षेप घेतला आणि १९३८ च्या पीरपूर अहवालातील तक्रारींत त्याला स्थान मिळाले. नावावरून जे रान उठले त्याच्या धुरळ्यात जमिनीचा प्रश्न कोणाला दिसला नाही. दारूबंदी या प्रांताने सागर जिल्ह्यासारख्या काही भागांपुरतीच सुरू केली. तशातच जुलै १९३८ मध्ये खरे प्रकरण उद्भवले, शुक्ल मुख्यमंत्री झाले आणि महायुद्धाच्या प्रश्नावर १९३९ च्या नोव्हेंबरात हे मंत्रिमंडळही पायउतार झाले. एकंदर अडीच वर्षांहून कमी काळ मिळालेल्या सरकारांनी काय साधले नाही याचा हिशेब मांडताना हात थोडा आखडता घेणेच न्याय्य होईल.

वर्ध्याच्या ‘क्रमशः’ या शब्दाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा अधिवेशनाने योजना उचलून धरली आणि हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने खेरांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मूलोद्योग मान्य केला. १९४४ च्या सार्जंट योजनेने तो मान्य करतानाच, मुलांनी केलेल्या वस्तू विकून शिक्षणाने, विशेषतः खालच्या पायरीवर, आपला खर्च भागवावा ही अपेक्षा साफ नाकारली. त्याच योजनेने सार्वत्रिक शिक्षणासाठी चाळीस वर्षांची मुदत मागितली, तेव्हा तिच्यावर टीकेचा भडिमार झाला. संविधानाने ती मुदत दहा वर्षांवर आणली.

संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांत १९३७ ची ही दोन्ही अभिवचने एकमेकांच्या जवळच बसलेली आहेत. चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा उल्लेख मुळात ४५ व्या अनुच्छेदात होता, दारूबंदीचा ४७ व्या अनुच्छेदात आहे. मध्ये दुर्बल घटकांच्या हिताचा एकच अनुच्छेद. दोहोंपैकी आधी कोणते, हे तेथेही सांगितलेले नाही. ४५ व्या अनुच्छेदाची दहा वर्षांची मुदत जानेवारी १९६० मध्ये, म्हणजे विदर्भासह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात येण्यापूर्वी तीन-साडेतीन महिने, पुरी न होताच सरली. शिक्षण हा मूलभूत हक्क होण्यास २००२ ची शहाऐंशीवी घटनादुरुस्ती आणि तो अमलात येण्यास १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला.

दारूबंदीचा मार्ग याहून वाकडा आहे. वर्धा जिल्ह्यात ती १९७० च्या दशकात आली, गडचिरोलीत १९९३ साली. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठविण्यात आली. नागपूर जिल्ह्यात ती नाही. हिंगण्याकडून वर्ध्याच्या बाजूस जाताना जिल्ह्याची हद्द ओलांडली की कायदा बदलतो. हद्दीच्या अलीकडील परवानाधारक दुकानांतून मिळणारे शुल्क मात्र राज्याच्या तिजोरीत जमा होते, आणि त्याच तिजोरीतून हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या प्राथमिक शिक्षकांचे वेतन निघते. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांचे बहुतेक अप्रत्यक्ष कर त्यात विलीन झाले, तेव्हा राज्यांनी जी मोजकी उत्पन्ने आपल्याच हाती राखून ठेवली, त्यांत पिण्याच्या मद्यावरील कर होता.